औषध तेच, कंपनी वेगळी : साखरेच्या मुठीतलं लोह

आजचा विषय फलकावर वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. ‘धातू धरून ठेवणारे शर्करा-बहुवारिकांचे नॅनोकण’. ज्यांचं सगळं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्यांनी म्हातारपणी या वाटेला का जावं? त्याचं कारण घरगुती आहे, ते आधी सांगून टाकतो.

आमची धाकटी बहीण काही वर्षं डायलिसिसवर होती. आठवड्यातून दोनदा तिला घेऊन आम्ही जात असू. मूत्रपिंडं थकली की रक्तही कमी तयार होतं, म्हणून तिला अधूनमधून शिरेतून लोह दिलं जाई. चहाच्या कोऱ्या काढ्यासारखं गडद तपकिरी औषध. एके दिवशी बाटलीवरचं लेबल वेगळं दिसलं. नर्सबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “औषध तेच आहे हो, फक्त कंपनी बदलली.” बहीण आमच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, “दादा, ‘तेच’ म्हणजे काय आणि ‘वेगळं’ म्हणजे काय, हे तू जन्मभर शिकवलंस. मग सांग बरं, हे तेच आहे का?”

आम्हाला उत्तर देता आलं नाही. तिला काही अपाय झाला नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर व्याख्यानभर तुमचं लक्ष तिकडेच राहील. पण प्रश्न डोक्यात राहिला. नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं, की नर्सबाई सहज बोलून गेल्या त्या वाक्यावर युरोप-अमेरिकेतल्या औषध-नियंत्रण संस्थांनी बरीच डोकेफोड केली आहे. आज त्या प्रश्नाकडेच जायचं आहे. मात्र थोडं लांबून.

निखारा आणि पळी

लोह आपल्याला का लागतं, हे सर्वांना ठाऊक आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात सगळं मिळून साधारण 3 ते 4 ग्रॅम लोह असतं, म्हणजे एखाद्या छोट्या खिळ्याइतकं. त्यातला मोठा भाग हिमोग्लोबिनमध्ये प्राणवायू वाहण्याच्या कामावर असतो. आपल्या देशात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. महाराष्ट्रात हे प्रमाण 54 टक्क्यांच्या आसपास आहे. सगळा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेमुळेच होतो असं नाही, पण ते एक फार मोठं कारण आहे. तेव्हा हा विषय प्रयोगशाळेपुरता राहत नाही, आपल्या घराघरातला होतो.

मग लोहाचं साधं क्षार-द्रावण सुईने रक्तात का सोडत नाहीत? दोन कारणं आहेत.

पहिलं कारण बोअरच्या पाण्यात दिसतं. काही गावांत बोअरचं पाणी उपसताना स्वच्छ असतं, आणि बादलीत तासभर राहिलं की लालसर होतं, तळाला गाळ बसतो. पाण्यात विरघळलेल्या लोहाला हवेतला प्राणवायू मिळाला, की त्याचं रूप बदलतं आणि ते हायड्रॉक्साइड बनून खाली बसतं. रक्त किंचित अल्कधर्मी आहे. तिथे मोकळं फेरिक लोह विरघळलेल्या अवस्थेत टिकूच शकत नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर. हेन्री फेंटन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1894 मध्ये दाखवलं, की लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की सेंद्रिय पदार्थांचं झपाट्याने ऑक्सिडीकरण होतं. या प्रक्रियेत अत्यंत आक्रमक असे मुक्त मूलक तयार होतात, हे पुढे कळलं. आपल्या पेशींत पेरॉक्साइड थोडंफार असतंच. म्हणजे मोकळं सुटलेलं लोह समोर येईल त्याला जाळत जातं: पेशीचं आवरण असो, प्रथिन असो, नाहीतर गुणसूत्रं.

ज्यांनी चुलीचे दिवस पाहिले आहेत त्यांना हे पटकन कळेल. शेजारणीकडून निखारा आणायचा असे. निखाऱ्याशिवाय आपली चूल पेटणार नाही, आणि हातात तर धरता येत नाही. तो पळीत घ्यायचा, वर राख टाकायची, आणि चुलीपर्यंत न्यायचा. शरीराने अशा पळ्या स्वतः घडवलेल्या आहेत. रक्तातून लोह नेणारं ट्रान्सफेरिन एका वेळी लोहाचे दोनच अणू धरतं. साठवणीचं फेरिटिन म्हणजे 24 तुकड्यांची, सुमारे 12 नॅनोमीटर व्यासाची पोकळ पेटी. तिच्यात साडेचार हजारांपर्यंत अणू बसतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपली तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते, त्यावरून अंदाज करा.

लक्षात घ्या, ‘नॅनोकणात धातू बांधून ठेवणे’ ही कल्पना माणसाला सुचण्याच्या फार आधीपासून आपल्या यकृतात नांदते आहे.

साखरच का?

डॉक्टरांनाही अशीच एक पळी हवी होती. 1930 आणि 40 च्या दशकांत शिरेतून लोह देण्याचे प्रयत्न झाले, पण अगदी थोड्या मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की रुग्णाला मळमळ, छातीत दडपण, रक्तदाब घसरणे असा त्रास होई. 1947 मध्ये निस्सिम यांनी साखरेबरोबर बांधलेलं लोह शिरेतून देता येतं, हे ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. 1954 मध्ये लोह आणि डेक्स्ट्रान यांची जोडी आली.

साखरच का निवडली? साखरेच्या रेणूवर सगळीकडे हायड्रॉक्सिल गट असतात, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजनची छोटी छोटी बोटं. त्यातला ऑक्सिजन लोहाला धरू शकतो. एका बोटाची पकड कमजोर असते, पण बहुशर्करा म्हणजे अशा शेकडो बोटांची माळ. शिवाय साखरेला पाणी आवडतं, त्यामुळे तिच्यात गुंडाळलेला कण पाण्यात तरंगत राहतो, कणाला कण चिकटून गोळा होत नाही.

डेक्स्ट्रान हे नाव परकं वाटेल, पण वस्तू आपल्या ओळखीची आहे. ल्युकोनोस्टॉक नावाचे जीवाणू साध्या साखरेपासून ती बनवतात. इडलीचं पीठ आंबवणाऱ्या जीवाणूंत हेच मंडळी पुढे असतात. आणि आपल्या साखर कारखान्यांत डेक्स्ट्रान ही डोकेदुखी आहे. ऊस तोडून दोन-तीन दिवस गाडीतच पडून राहिला, की त्यात हे जीवाणू वाढतात, रस चिकट होतो, साखरेचे दाणे नीट बसत नाहीत. कारखान्यात जो चिकटपणा नुकसान करतो, तोच औषधाच्या कामाला आला. पदार्थ मुळात चांगला की वाईट, या प्रश्नाला फारसा अर्थ नसतो. तो कुठे आहे आणि कोणाबरोबर आहे, हे विचारावं लागतं.

आता या कणाची रचना बघा. मध्ये लोह-ऑक्सिहायड्रॉक्साइडचा गाभा, गंजाचा जवळचा नातेवाईक म्हणा ना. त्याच्या भोवती साखरेचं वेष्टन. आम्हाला वाटायचं, की हा कण थेट अस्थिमज्जेत जाऊन लोह देत असेल. तसं होत नाही. यकृत, प्लीहा आणि मज्जेत भक्षक पेशी बसलेल्या असतात. म्हाताऱ्या तांबड्या पेशी गिळून त्यांतलं लोह परत वापरात आणणं हे त्यांचं रोजचं काम. दिवसाला 20 ते 25 मिलिग्रॅम लोह त्या असं फिरवतात. आपण आहारातून रोज शोषतो ते जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम. या भक्षक पेशी आपला कणही गिळतात, आतल्या आम्लाच्या कोठडीत तो विरघळवतात, आणि निघालेलं लोह फेरिटिनच्या पेटीत ठेवतात किंवा ट्रान्सफेरिनच्या हाती देतात. औषधाने फक्त वेशीपर्यंत माल पोचवला. पुढची वाटणी गावाच्या जुन्याच व्यवस्थेने केली.

म्हणजे कणाकडून आपली अपेक्षा अशी: रक्तात असेपर्यंत घट्ट धर, आणि भक्षक पेशीत शिरलास की सोड. रक्तात लवकर सुटलं तर विष. कधीच सुटलं नाही तर निरुपयोगी.

हा फरक मात्रेतही दिसतो. आयर्न सुक्रोजमध्ये साखर साधी, ऊसाचीच; पकड त्यामानाने सैल. म्हणून ते एका वेळी साधारण 200 मिलिग्रॅम देतात आणि पुनःपुन्हा बोलावतात. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजमध्ये मोठ्या, बदललेल्या शर्करेची पकड घट्ट. त्यामुळे एकाच बैठकीत 1000 मिलिग्रॅमपर्यंत देता येतात. गावाहून एसटीने येणाऱ्या सातव्या महिन्यातल्या बाईला पाच खेपा घालाव्या लागतात की एक, हे त्या पकडीवर ठरतं. 2018 मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमातही गरजेप्रमाणे शिरेतून द्यायच्या लोहात ही दोन्ही नावं आहेत. अर्थात घट्ट पकडीचं औषध सर्वार्थाने सरस असं नाही. कार्बॉक्सिमाल्टोजनंतर काहींच्या रक्तातलं फॉस्फेट उतरतं, ते बघावं लागतं.

मुठीचे तीन प्रकार

आपल्या न्याय-वैशेषिकांनी संबंधांचा फार बारकाईने विचार केला. दोन स्वतंत्र वस्तू जुळतात आणि सुटूही शकतात, तो संयोग. ज्या दोन वस्तूंपैकी एक दुसरीच्या आश्रयाशिवाय असूच शकत नाही, त्यांचा संबंध समवाय. उदाहरणार्थ धागे आणि वस्त्र. साखर आणि लोह यांचा संबंध अर्थातच संयोग आहे. पण या वैद्यकशास्त्राचं सगळं कसब संयोगाच्या आतल्या पायऱ्यांत आहे: किती वेळ, कुठे, कशाने सुटणारा संयोग? आम्ही तीन प्रकार करतो.

पहिली, योग्य जागी सोडणारी मूठ. ती आपण आत्ता पाहिली.

दुसरी, न सोडणारी मूठ. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेपूर्वी सर्जनला जाणून घ्यायचं असतं, की गाठीतून निघणारा लसीका-प्रवाह काखेतल्या कोणत्या गाठीत सर्वांत आधी पोचतो. त्याला पहारेकरी गाठ म्हणतात. ती स्वच्छ निघाली, तर पुष्कळदा काखेतल्या सगळ्या गाठी काढाव्या लागत नाहीत, आणि बाईचा हात पुढे सुजत नाही. यासाठी टिल्मानोसेप्ट नावाचा पदार्थ आहे. अमेरिकेत 2013 मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याचा कणा डेक्स्ट्रानचा, आकार सुमारे 7 नॅनोमीटर. कण्यावर दोन प्रकारचे हात जोडलेले आहेत. एक हात टेक्नेशियम हा किरणोत्सारी धातू धरतो. दुसऱ्या हातात मॅनोज ही शर्करा असते. भक्षक पेशींवर मॅनोज ओळखणारे ग्राहक असतात, तिथे जाऊन ती अडकते. म्हणजे एकाच रेणूत साखरेचं काम दोनदा आहे, एकदा कणा म्हणून आणि एकदा पत्ता म्हणून. इथे धातू सुटता कामा नये; सुटला तर खूण भलत्याच जागी उमटेल. टेक्नेशियम सहा तासांत निम्मा होतो, तेवढा वेळ मुठीने इमान राखायचं.

इथेच यकृताचंही एक उदाहरण सांगून ठेवतो. डेक्स्ट्रानने वेढलेले लोह-ऑक्साइडचे कण एमआरआयसाठी 1996 मध्ये अमेरिकेत मान्य झाले. निरोगी यकृतातल्या भक्षक पेशी ते गिळत आणि चित्रात यकृत काळं दिसे. कर्करोगाच्या गाठीत अशा पेशी बहुधा नसतात, म्हणून गाठ उजळ उठून दिसे. निरोगी भागाला रंग देऊन रोग दाखवायचा, ही युक्ती आम्हाला फार आवडली. पुढे ते उत्पादन बाजारातून गेलं, पण युक्ती राहिली.

तिसरी, पकडून बाहेर नेणारी मूठ. थॅलेसेमियाच्या मुलांना सतत रक्त द्यावं लागतं. एका पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह अंगात येतं, आणि जादा लोह बाहेर टाकण्याची सोयच शरीरात नाही. ते हृदयात आणि यकृतात साचतं. डेफरोक्सामिन हे औषध लोह पकडून लघवीवाटे नेतं, पण ते स्वतःच रक्तात काही मिनिटं टिकतं. म्हणून मुलांच्या पोटावर सुई लावून रात्री आठ-दहा तास पंप चालवायचा, आठवड्यातून पाच-सहा रात्री. त्या आईबापांना विचारा म्हणजे कळेल. संशोधकांनी हेच औषध बदललेल्या स्टार्चच्या साखळीवर जोडून पाहिलं. ते रक्तात बराच जास्त वेळ टिकलं, थॅलेसेमियाच्या रुग्णांवर प्राथमिक चाचण्याही झाल्या. रोजच्या वापरात मात्र ते आलं नाही. दरम्यान तोंडाने घ्यायची औषधं आली आणि पंपाचा जाच पुष्कळ कमी झाला. प्रयोगशाळेत यशस्वी झालेली प्रत्येक कल्पना रुग्णाच्या उशाशी पोचते असं नाही, हेही सांगायला हवं.

मग ‘तेच’ म्हणजे काय?

आता बहिणीच्या प्रश्नाकडे येऊ. पॅरासिटामॉलची गोळी कोणत्याही कंपनीची असो, आतला रेणू एकच. तो नेमका कसा आहे, हे अणू मोजून सांगता येतं. गोळीतून तो किती वेगाने रक्तात उतरतो हे तपासलं की काम झालं. तिथे ‘तेच औषध’ हे वाक्य अडचणीचं नाही.

आयर्न सुक्रोजमध्ये असा एक रेणू नाही. ती कणांची गर्दी आहे. थोडे लहान, थोडे मोठे. लोहाचा क्षार, अल्क आणि साखर यांच्यापासून ते बनतं, पण कोणत्या तापमानाला, किती वेळ, काय आधी आणि काय नंतर, यावर गाभ्याचा आकार आणि साखरेची पकड ठरते. आपल्या जुन्या ग्रंथांतल्या लाडक्या घटाचंच उदाहरण घ्या. माती तीच, वजन तेच, कुंभाराच्या आव्याची आच वेगळी. एक मडकं पाणी गार ठेवतं, दुसरं झिरपतं. दोघांच्या मातीचं पृथक्करण केलं तर अहवाल सारखाच येईल.

फ्रान्समधल्या एका डायलिसिस केंद्राने 2011 मध्ये 75 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांना मूळ आयर्न सुक्रोजवरून त्याच्या नकलेवर नेलं होतं. हिमोग्लोबिन किंचित उतरलं, आणि लोहाची व रक्तवाढीच्या हार्मोनची मात्रा वाढवावी लागली. पण सर्वांना आधी मूळ आणि मग नक्कल असंच दिलेलं होतं, चिठ्ठ्या टाकून गट केलेले नव्हते. तेव्हा दोष नकलेचाच, असं छातीठोक म्हणता येत नाही. उलट अमेरिकेत दुसऱ्या एका लोह-औषधाच्या मूळ आणि नकली रूपांची निरोगी स्वयंसेवकांत तुलना झाली, तेव्हा रक्तात सुटणाऱ्या मोकळ्या लोहात फरक आढळला नाही. म्हणजे नक्कल म्हणून ती वाईट, हा निष्कर्षही चूक. तिची परीक्षा वेगळी घ्यावी लागते, एवढाच धडा. युरोपीय औषध संस्थेने 2015 मध्ये तसंच सांगितलं: अशा लोह-कणांसाठी रक्तातली पातळी मोजणं पुरेसं नाही, कणांचे गुणधर्म आणि ते शरीरात कुठे जातात, हेही दाखवा.

तर बहिणीला आज आम्ही असं उत्तर दिलं असतं: “औषध त्याच नावाचं आहे, त्याच घटकांचं आहे. ते तेच आहे की नाही, हे लेबल वाचून कळत नाही; ते कसं वागतं यावरून ठरतं. म्हणून बदल झाला की पुढचे दोन-तीन महिने तुझे रिपोर्ट नीट बघायचे.” नर्सबाई खोटं बोलल्या नव्हत्या. वाक्य अर्धं राहिलं होतं.

घरी कोणाला हे औषध मिळत असेल, तर कंपनीचं नाव आणि तारीख फाइलवर लिहून ठेवा. पूर्वी काही रिॲक्शन आली असेल तर आधीच सांगा. तातडीच्या उपचारांची सोय असेल तिथेच ते घ्या आणि नंतर अर्धा तास थांबा. ‘घरी पाहुणे आलेत’ म्हणून निघू नका. आणि हे व्याख्यान ऐकून घाबरून उपचार थांबवू नका. रक्तक्षयाने होणारं नुकसान फार मोठं आहे.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : सर, आपल्या आयुर्वेदात लोहभस्म आहेच. मग हे नॅनोकण आपल्याकडे आधीपासून होते, असं म्हणता येईल का?

उत्तर : भस्मात अतिसूक्ष्म कण सापडतात, हे खरं. पण नुसत्या आकारसाम्यावरून नातं ठरवू नये. भस्म तोंडाने घेतात. तिथे आतड्याचा दरवान उभा असतो आणि किती लोह आत घ्यायचं ते तो ठरवतो. शिरेत सुई गेली की तो दरवान ओलांडला जातो. म्हणून तिथे मुठीची परीक्षा इतकी कडक. दोन्ही परंपरांना आपापल्या कसोट्या लावाव्यात. श्रेय वाटून घेण्याची घाई नको.

प्रश्न : लोखंडी कढईत भाजी केली तर एवढं सगळं टळेल का?

उत्तर : कढई जरूर वापरा. आंबट पदार्थात लोह थोडं उतरतंही. पण हिमोग्लोबिन सात असलेल्या गर्भवतीला कढईवर सोपवू नका, डॉक्टरांकडे न्या. आमच्या बहिणीकडे कढई होती, आजही आमच्या स्वयंपाकघरात आहे. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र शोधायला आम्हाला एवढी वर्षं लागली.